शपथ झाली, खातं नाही: बिनखात्याचा मंत्री नेमकं करतो काय?

प्रश्नकर्त्याने तीन गोष्टी एकदम विचारल्या आहेत. बिनखात्याचा मंत्री ही भानगड घटनेत बसते का? त्याला पगार, गाडी, बंगला कशाबद्दल द्यायचा? आणि आपल्या तालुक्याचा आमदार मंत्री झाला पण खातेवाटप लटकलं, तर गावाचं निवेदन घेऊन जायचं कुणाकडे? मी मंत्रालयात 31 वर्षं काढली. त्यातली बरीच सामान्य प्रशासन विभागात आणि शेवटची काही मंत्र्यांचा खासगी सचिव म्हणून. दोन वेळा माझे साहेब काही दिवस बिनखात्याचे होते. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी मुळाशी जाऊ. मंत्रिपद आणि खातं या दोन वेगवेगळ्या कागदांवरच्या गोष्टी आहेत. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. राज्यात अनुच्छेद 164 प्रमाणे मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने राज्यपाल मंत्री नेमतात आणि शपथ देतात. शपथेचा मजकूर घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. पुढच्या शपथविधीला कान देऊन ऐका: 'राज्याचा मंत्री म्हणून' एवढंच येतं. कृषिमंत्री, महसूलमंत्री असं काही येत नाही. पदाची एक शपथ आणि गोपनीयतेची दुसरी. दुसऱ्या सहीची शाई वाळली की माणूस पुरता मंत्री झाला. खातं येतं ते अनुच्छेद 166 च्या तिसऱ्या खंडाखाली केलेल्या कार्यनियमावलीतून. मुख्यमंत्री यादी करतात, राज्यपालांची मान्यता होते, मग अधिसूचना निघते. जे खातं कुणालाच दिलेलं नाही ते मुख्यमंत्र्यांकडे राहतं. केंद्रातही तसंच. पंतप्रधानांच्या नावापुढे 'कोणत्याही मंत्र्याला न दिलेली इतर सर्व खाती' असा मजकूर असतो तो त्यासाठीच.

म्हणजे घटनेत 'बिनखात्याचा मंत्री' असा शब्द शोधायला गेलात तर सापडणार नाही, आणि प्रत्येक मंत्र्याला खातं दिलंच पाहिजे असंही कुठे लिहिलेलं सापडणार नाही. पहिला कागद झाला आणि दुसरा झाला नाही, या मधल्या फटीत जो उभा असतो तो बिनखात्याचा मंत्री. फट दोन दिवसांची असू शकते, दोन वर्षांचीही.

ही फट आतून कशी दिसते ते सांगतो. आमच्या साहेबांचा शपथविधी झाला, दालन मिळालं, बाहेर हारांचा ढीग. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी रंगवणारा आला. 'नाव लिहिलं साहेब, खाली काय लिहू?' मी म्हटलं, 'मंत्री.' 'मंत्री, पुढे?' पुढे काहीच नव्हतं. लेटरहेड छापणाऱ्याचा फोन आला, त्याचाही तोच प्रश्न. शेवटी 'मंत्री, महाराष्ट्र राज्य' एवढंच घालून दोनशे प्रती छापून घेतल्या. आणखी छापायला साहेबांनी मनाई केली. 'अपशकुन नको,' म्हणाले. गोल शिक्का मात्र करवून घेतला नाही. तिसऱ्या दिवशी मतदारसंघातून पंचवीस-तीस माणसं आली. शिवारातलं रोहित्र जळालेलं, गहू पाण्यावाचून उभा, डीपी बदलून मिळावी असं निवेदन. साहेबांनी सवयीने पेन काढलं आणि कोपऱ्यात लिहिणार, 'तपासून तात्काळ सादर करावे'. मी हळूच हात आडवा केला.

का, ते मंत्रालयाबाहेरच्यांना चटकन कळणार नाही. 'सादर करावे' हा आदेश आहे. तो ज्याच्याकडे ते खातं आहे त्यानेच द्यायचा. ऊर्जा विभागातल्या कक्ष अधिकाऱ्याने तो शेरा पाहिला असता तर नस्ती, म्हणजे फाइल, उघडलीच नसती. कागदाच्या वर 'मा. मंत्री महोदयांचे पत्र' असं लिहून फडताळात टाकला असता. मग मी मसुदा दिला: 'निवेदन सोबत जोडले असून उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित.' यात आदेश नाही, विनंती आहे. मंत्रालयातले कारकून शेरे वाचण्यात ज्योतिषांपेक्षा तरबेज असतात. 'तपासून सादर करावे' म्हणजे काम करा, 'चर्चा करावी' म्हणजे थांबा, आणि 'नियमानुसार कार्यवाही करावी' म्हणजे काहीही केलं नाही तरी चालेल. बिनखात्याच्या मंत्र्याला यातला पहिला शेरा वापरता येत नाही, बाकी सगळे येतात. अधिकाराच्या दृष्टीने फरक म्हणाल तर एवढाच, पण आपल्याकडे सत्ता म्हणजेच नस्तीवरची सही असल्यामुळे हा 'एवढाच' फार मोठा आहे. (डीपी आठवड्याभरात बसली. साहेबांनी संध्याकाळी वीज कंपनीच्या अभियंत्याला फोन केला होता. फोनला खातं लागत नाही.)

आता ही फट आपल्याकडे किती लांबते ते पाहा. ऑगस्ट 2022 मध्ये मुंबईत 9 तारखेला 18 मंत्र्यांचा शपथविधी झाला, खाती जाहीर झाली 14 तारखेला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी. 2 जुलै 2023 ला अजित पवार आणि त्यांच्या 8 सहकाऱ्यांनी शपथ घेतली, खाती मिळाली 14 जुलैला. सगळ्यात ठळक उदाहरण डिसेंबर 2024 चं. 15 डिसेंबरला नागपुरात 39 जणांनी शपथ घेतली, दुसऱ्या दिवसापासून हिवाळी अधिवेशन, आणि खातेवाटप झालं 21 ला, अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी. अख्खं अधिवेशन जवळजवळ सगळं मंत्रिमंडळ बिनखात्याचं! सभागृहात काम चाललं ते सामुदायिक जबाबदारीच्या जोरावर. मंत्रिमंडळ विधानसभेला एकत्रितपणे जबाबदार असतं, आणि अनुच्छेद 177 प्रमाणे कोणताही मंत्री दोन्ही सभागृहांत बोलू शकतो. खातं असो वा नसो. त्यामुळे एकाने दुसऱ्याच्या वतीने उत्तर देणं नियमात बसतं. उत्तरात दम किती असतो ते सोडा. ज्याच्यामागे सचिव नाही, नस्ती नाही, तो 'माहिती घेऊन सांगतो' यापलीकडे काय सांगणार?

लोकांना वाटतं या दिवसांत फक्त मंत्र्यांची चुळबुळ होते. तसं नसतं. महसूल, सहकार, नगरविकास, अन्न व औषध अशा खात्यांच्या मंत्र्यांसमोर अपिलांच्या सुनावण्या होतात. अर्धन्यायिक काम म्हणतात त्याला. जमिनीच्या फेरफाराचा वाद तलाठ्यापासून चढत चढत मंत्र्यापर्यंत येतो, गृहनिर्माण संस्थेचा वाद निबंधकाकडून येतो. खाती वाटली गेली नाहीत की सगळी खाती मुख्यमंत्र्यांकडे, आणि मुख्यमंत्र्यांना चाळीस खात्यांची अपिलं ऐकायला वेळ कुठून असणार? मग बोर्डावरच्या तारखा पुढे जातात. मराठवाड्यातून रात्रीच्या गाडीने आलेला एक म्हातारा पक्षकार सकाळी साडेनऊला आमच्या दालनाबाहेर बसलेला मला आठवतो. मांडीवर कापडी पिशवीत सातबारे. त्याला 'सुनावणी नाही' हे मी सांगितलं. का नाही ते सांगायला मात्र जीभ उचलेना. खातं ठरलेलं नाही म्हणून तुझी जमीन थांबली आहे, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? माझं स्पष्ट मत आहे, बिनखात्याच्या मंत्र्यांवर टीका करायची तर तुरुंगातल्या एकट्यादुकट्यावर करण्याआधी या दहा-बारा दिवसांच्या सामुदायिक बिनखातेपणावर करावी. नुकसान तिथे जास्त आहे.

पण बिनखात्याचा मंत्री म्हणजे कायम रिकामा मंत्री, असं समजू नका. देशाच्या सुरुवातीच्या काळात चित्र उलट होतं. पंडित नेहरू ज्याच्यावर सगळ्यात जास्त विसंबून, त्यालाच कधीकधी खातं नसे. 1947 मध्ये गोपालस्वामी अय्यंगार मंत्रिमंडळात आले ते बिनखात्याचे मंत्री म्हणून. ते आधी जम्मू-काश्मीर संस्थानचे दिवाण होते, त्या प्रांताची नस नस त्यांना ठाऊक. नेहरूंनी काश्मीरचं काम त्यांच्याकडे दिलं. कागदोपत्री मात्र संस्थानांचं खातं सरदार पटेलांचं. व्हायचं तेच झालं. डिसेंबर 1947 मध्ये अय्यंगारांनी पूर्व पंजाब सरकारकडे काश्मीरसाठी मोटारगाड्यांची मागणी परस्पर केली, आणि आपल्या खात्याला न विचारता हे कसं झालं म्हणून सरदारांनी आक्षेप घेतला. नेहरूंनी अय्यंगारांची बाजू घेतली. पत्रापत्री इतकी वाढली की सरदार राजीनाम्याच्या गोष्टीपर्यंत आले. जानेवारी 1948 मध्ये संयुक्त राष्ट्रांत भारताचं शिष्टमंडळ घेऊन गेले तेही अय्यंगारच.

हा प्रसंग मी नव्या खासगी सचिवांना नेहमी सांगत असे. बिनखात्याच्या मंत्र्याला काम दिलं तर ते कुणाच्या तरी खात्यातलंच असणार, कारण सरकारातलं प्रत्येक काम कुठल्या ना कुठल्या खात्यात बसवलेलं असतंच. मोकळी जागा नसतेच. म्हणून त्याला काम देताना कामाची हद्द लेखी दिली नाही तर दोन भली माणसंही भांडतात. तिथे तर एका बाजूला सरदार पटेल होते.

कृष्ण मेनन फेब्रुवारी 1956 मध्ये बिनखात्याचे मंत्री झाले. सुएझ कालव्याचं प्रकरण पेटलं तेव्हा भारताच्या वतीने राजधान्यांमधून फिरत होते ते हेच. परराष्ट्र खातं नेहरूंकडे. जानेवारी 1957 मध्ये सुरक्षा परिषदेत काश्मीरवर त्यांनी दोन दिवसांत मिळून सुमारे 8 तास भाषण केलं, त्या वेळीही त्यांच्या नावापुढे खातं नव्हतं. संरक्षण खातं त्यांना मिळालं त्यानंतर, एप्रिलमध्ये. सगळ्या जगाने ऐकलेलं भाषण बिनखात्याच्या मंत्र्याने केलेलं आहे, हे आजच्या 'खातं नाही म्हणजे किंमत नाही' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

आणि लालबहादूर शास्त्री. ऑगस्ट 1963 मध्ये कामराज योजनेत, म्हणजे बड्या नेत्यांनी सरकारी पदं सोडून पक्षकार्याला लागायचं या योजनेत, त्यांनी गृहमंत्रिपद सोडलं. जानेवारी 1964 मध्ये भुवनेश्वरच्या काँग्रेस अधिवेशनात नेहरूंना पक्षाघाताचा झटका आला आणि त्याच महिन्यात शास्त्रींना परत बोलावलं गेलं, बिनखात्याचे मंत्री म्हणून. पंतप्रधानांचे कागद त्यांच्या हातून जाऊ लागले. श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातला पवित्र अवशेष नाहीसा होऊन परत मिळाला होता, पण तो खरा आहे की नाही यावरून खोरं धुमसत होतं. ते शमवायला नेहरूंनी शास्त्रींनाच पाठवलं. भर थंडीत निघालेल्या शास्त्रींकडे धड गरम कोट नव्हता आणि नेहरूंनी आपला दिला, अशी आठवण सांगितली जाते. त्या कोटाच्या बाह्या शास्त्रींना किती लांब झाल्या असतील याची कल्पना करून आम्ही जेवणाच्या सुट्टीत हसायचो. जूनमध्ये शास्त्री पंतप्रधान झाले. कुठलंही एक खातं नसल्यामुळे कुठल्याही खात्यात डोकावता येतं, ही सोय त्या पाच महिन्यांत वापरली गेली. टी. टी. कृष्णम्माचारी यांचंही 1962 मध्ये तसंच झालं. आधी बिनखात्याचे, मग आर्थिक व संरक्षण समन्वयाचे मंत्री, पुढे अर्थमंत्री.

तेव्हा बिनखात्याच्या मंत्र्याची ताकद मोजायची असेल तर अधिसूचना पाहू नका. प्रमुखाच्या खोलीत तो भेटीची वेळ न घेता जाऊ शकतो का, ते पाहा. जाऊ शकत असेल तर सगळे सचिव त्याच्या दारात येतात. जाऊ शकत नसेल तर चहा घेऊन येणारा शिपाईसुद्धा उशिरा येतो. हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

आजारपणाचं कारण वेगळं, आणि त्यात खरं तर दयाबुद्धी असते. अरुण जेटलींचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं तेव्हा 14 मे 2018 ला अर्थखातं पीयूष गोयल यांच्याकडे गेलं, जेटली बिनखात्याचे मंत्री राहिले आणि 23 ऑगस्टला परत रुजू झाले. मधल्या काळात जेटली लिहीत-बोलत होतेच, त्यामुळे देशाचा अर्थमंत्री नेमका कोण, असं विरोधक विचारू लागले. कायद्याने उत्तर सोपं होतं: ज्याच्या नावावर खातं तो. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच, 1 फेब्रुवारी 2019 चा हंगामी अर्थसंकल्प गोयल यांनी मांडला. मुरासोली मारन यांच्या वाट्याला परत येणं नव्हतं. 23 नोव्हेंबर 2003 ला त्यांचं निधन झालं तेव्हा ते वाजपेयी सरकारात बिनखात्याचे मंत्री होते.

मुख्यमंत्रीच बिनखात्याचा होऊ शकतो का? होऊ शकतो. ऑक्टोबर 2016 मध्ये जयललिता चेन्नईच्या रुग्णालयात होत्या. त्यांच्याकडची सगळी खाती ओ. पन्नीरसेल्वम यांच्याकडे देण्याचा आदेश राज्यपालांनी काढला, अनुच्छेद 166 च्याच आधारे. जयललिता मुख्यमंत्री राहिल्या, खातं एकही नाही. हे राज्यपाल म्हणजे आपल्याकडचेच सी. विद्यासागर राव. महाराष्ट्राचे राज्यपाल असताना तमिळनाडूचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे होता. 'मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यानुसार' असं त्या आदेशात म्हटलं होतं आणि अतिदक्षता विभागातून सल्ला कसा आला यावर तेव्हा बरंच बोललं गेलं. गोव्यात मनोहर पर्रीकरांनी 2018 मध्ये उपचारासाठी अमेरिकेला जाताना दुसरा मार्ग धरला. तीन मंत्र्यांची सल्लागार समिती नेमली. मुख्यमंत्रिपद आणि महत्त्वाची खाती अखेरपर्यंत त्यांच्याकडेच होती. दोन्हींपैकी कारभाराला कोणतं बरं, असं विचाराल तर माझ्यातला जुना कारकून म्हणेल, खातं देऊन टाकलेलं बरं. समितीला सही करता येत नाही. (आणि आजार वगैरे काही नसताना, राजीखुशीने खातं न घेतलेले मुख्यमंत्रीही होऊन गेले. दिल्लीत 2015 मध्ये अरविंद केजरीवालांनी सुरुवातीला स्वतःकडे एकही खातं ठेवलं नव्हतं.)

आघाडीच्या राजकारणातले बिनखात्याचे मंत्री म्हणजे लग्नाच्या मांडवात खुर्ची मिळाली, पान मिळालं नाही, अशातले. 2004 मध्ये के. चंद्रशेखर राव यांच्याकडचं जहाजबांधणी खातं द्रमुकला हवं होतं म्हणून त्यांनी सोडलं आणि कामगार खातं मिळेपर्यंत ते तसेच राहिले. ममता बॅनर्जी सप्टेंबर 2003 मध्ये वाजपेयी मंत्रिमंडळात परतल्या त्या बिनखात्याच्या. जानेवारी 2004 मध्ये कोळसा व खाण खातं मिळालं. यात फार सांगण्यासारखं काही नाही, वाटाघाटी लांबल्या की असं होतं.

खरा वादाचा प्रकार तो शेवटचा. मंत्र्यावर गंभीर आरोप होतात किंवा त्याला अटक होते, तेव्हा राजीनामा न घेता फक्त खातं काढून घ्यायचं. 2005 मध्ये इराकच्या तेल प्रकरणात संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या चौकशी समितीच्या व्होल्कर अहवालात नाव आल्यावर नटवर सिंह यांचं परराष्ट्र खातं 7 नोव्हेंबरला गेलं, ते बिनखात्याचे राहिले आणि 6 डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. एका महिन्याचा प्रश्न होता. आपल्याकडे नवाब मलिक यांना ईडीने 23 फेब्रुवारी 2022 ला अटक केली. अल्पसंख्याक आणि कौशल्य विकास ही त्यांची खाती मार्चमध्ये दुसऱ्यांकडे गेली, पण महाविकास आघाडी सरकार जूनअखेर पडेपर्यंत मंत्रिपद राहिलं. आघाडीचं म्हणणं, अटक राजकीय आहे, राजीनामा घेतला तर आरोप कबूल केल्यासारखं होईल. विरोधकांचं म्हणणं, तुरुंगात बसलेला माणूस मंत्री कसा? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि घटना दोघांपैकी कुणाच्याच बाजूने स्पष्ट बोलत नाही. शिक्षा होऊन अपात्रता येईपर्यंत मंत्री ठेवायचा की काढायचा, हे तिने मुख्यमंत्र्यावर सोडलं आहे.

त्याच सरकारच्या शेवटच्या आठवड्यात आणखी एक नमुना पाहायला मिळाला. एकनाथ शिंदे आणि त्यांच्यासोबत गुवाहाटीला गेलेले मंत्री धरून 9 जणांची खाती उद्धव ठाकरेंनी 27 जून 2022 ला काढून दुसऱ्यांना दिली. शिंदेंचं नगरविकास सुभाष देसाईंकडे, गुलाबराव पाटलांचा पाणीपुरवठा अनिल परबांकडे, उदय सामंतांचं उच्च व तंत्रशिक्षण आदित्य ठाकरेंकडे. लोकांची कामं अडू नयेत, असं कारण दिलं गेलं. मंत्रिपदावरून मात्र कुणाला काढलं नाही. माझा अंदाज असा की मंत्रिपद काढलं की परतीचा दरवाजा बंद होतो, खातं काढलं तर तो नुसता लोटलेला असतो. दोन दिवसांनी सरकारच गेलं आणि ते बंड करणारे बिनखात्याचे मंत्री सत्तेत, खातेवाले घरी.

तमिळनाडूत सेंथिल बालाजी यांचं प्रकरण तर शिकवायला घ्यावं असं आहे. 14 जून 2023 ला ईडीची अटक. मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी वीज आणि उत्पादनशुल्क ही खाती दोन सहकाऱ्यांना दिली आणि बालाजी बिनखात्याचे मंत्री राहतील असा आदेश काढला. राज्यपाल आर. एन. रवी यांनी खातेबदलाला मान्यता दिली, पण बालाजी मंत्री राहणार याला दिली नाही. 29 जूनला तर त्यांनी मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याशिवाय बालाजींना बडतर्फच केलं, आणि त्याच रात्री तो निर्णय स्थगित ठेवला. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. तिथले मुख्य न्यायमूर्ती तेव्हा संजय गंगापूरवाला होते, मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले. 5 सप्टेंबरच्या निकालाचा मथितार्थ असा: बिनकामाचा, कोठडीतला मंत्री ठेवून काहीच साधत नाही आणि घटनेच्या नीतीला ते शोभत नाही. तरीही न्यायालयाने त्याला काढण्याचा हुकूम दिला नाही. निर्णय मुख्यमंत्र्यांनी घ्यावा, असं सांगितलं. बालाजींनी राजीनामा दिला फेब्रुवारी 2024 मध्ये. जवळपास 8 महिने. दिल्लीत सत्येंद्र जैन यांचंही असंच 9 महिने चाललं होतं.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने लोकसभेत 130 वं घटनादुरुस्ती विधेयक मांडलं. पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात सलग 30 दिवस कोठडीत राहिलेल्या मंत्र्याचं पद जावं, अशी त्यात तरतूद आहे. ते संयुक्त समितीकडे गेलं. मला स्वतःला कोठडीतला मंत्री अजिबात पटत नाही. पण तपास यंत्रणेच्या हातात मंत्रिपदाची किल्ली देणंही पटत नाही. मी असतो तर खातं काढण्याच्या आदेशातच मुदत घातली असती, साठ दिवस म्हणा. त्यानंतर एक तर खातं परत, नाही तर राजीनामा.

पगाराचं उत्तर आता एका दमात. घटनेच्या 164 (5) प्रमाणे मंत्र्यांचा पगार विधिमंडळ कायद्याने ठरवतं, केंद्रात त्यासाठी 1952 चा कायदा आहे. यातला कुठलाच कायदा पगार खात्याला जोडत नाही, मंत्रिपदाला जोडतो. म्हणून बिनखात्याच्या मंत्र्याला वेतन, बंगला, गाडी, कर्मचारी सगळं मिळतं, आणि ते बेकायदा नाही. मंत्रिमंडळाच्या बैठकीची टिप्पणी त्यालाही पाठवली जाते, तो कॅबिनेट दर्जाचा असेल तर बैठकीत बसतो, मत देतो, आणि निर्णय पटला नाही तरी बाहेर येऊन त्याचं समर्थन करावं लागतं. राज्यमंत्री असेल तर बोलावल्याशिवाय बैठकीत जाता येत नाही, त्याचं बिनखातेपण दुप्पट. खर्च वायफळ वाटतो ना, तर एक आकडा लक्षात ठेवा. 91 व्या घटनादुरुस्तीनंतर मंत्रिमंडळ विधानसभेच्या 15 टक्क्यांपेक्षा मोठं करता येत नाही. महाराष्ट्रात 288 आमदारांवर मुख्यमंत्र्यांसह 43. बिनखात्याचा मंत्रीही त्या 43 मध्येच मोजला जातो. आधी ही मर्यादा नव्हती तेव्हा उत्तर प्रदेशात 1997 मध्ये कल्याणसिंहांच्या मंत्रिमंडळात 93 जण होते. त्यातल्या किती जणांकडे खरोखर काम असेल?

कारण खातं असणं म्हणजे काम असणं नव्हे. पंजाबात तर फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारने अधिसूचना काढून कबूल केलं की कुलदीपसिंग धालीवाल यांच्याकडे असलेलं प्रशासकीय सुधारणा खातं प्रत्यक्षात अस्तित्वातच नाही. सुमारे 20 महिने ते त्या खात्याचे मंत्री होते. (अनिवासी भारतीयांचं खातं होतं त्यांच्याकडे, म्हणून अगदीच रिकामे नव्हते.) आपल्याकडचे कित्येक राज्यमंत्रीही चार-चार खात्यांचे धनी असतात आणि कॅबिनेट मंत्र्याने अधिकार वाटून दिले नाहीत म्हणून दिवसाला दोन नस्त्याही त्यांच्या टेबलावर येत नाहीत. त्यांना कुणी बिनखात्याचे म्हणत नाही.

आता शेवटचं, निवेदनाचं. मंत्र्याला खातं नसेल तर त्याच्या नावाने निवेदन द्या, त्याला वाईट वाटू देऊ नका, पण काम व्हायचं असेल तर खाली 'प्रत' घालून तीन कागद करा. एक संबंधित विभागाच्या सचिवांना. सचिव बदलला तरी पद राहतं, म्हणून नावाऐवजी पदनाम लिहा. दुसरा मुख्यमंत्री कार्यालयाला, कारण त्या दिवशी ते खातं कायद्याने त्यांच्याकडेच आहे. तिसरा तुमच्या जिल्हाधिकाऱ्याला. मंत्रालयातल्या आवक शाखेत कागद दिल्यावर तारखेचा शिक्का मारलेली पोच मागून घ्या, लाजू नका. मंत्र्याकडून अग्रेषित पत्र मिळालं तर ते सोबत जोडा, त्याचा उपयोग होतो. आणि मंत्री ओळखीचा असेल तर पत्र घेऊन परत फिरू नका. तिथेच समोर बसून त्याला अभियंत्याला फोन लावायला सांगा.